समेवर थांबलेली चित्रे

पुण्यात चित्रप्रदर्शने नियमाने पाहणाऱ्या माणसाला नृत्याचे चित्र शोधावे लागत नाही. बालगंधर्व कलादालनातले समूहप्रदर्शन असो की कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन, एखादी तरी नर्तकी भिंतीवर असतेच. ती भरतनाट्यमची असेल तर मागे देवळाचा खांब आणि पेटलेली समई. कथकची असेल तर घेरदार पोशाखाने धरलेले वर्तुळ. लावणीची असेल तर नऊवारी, बोटांत धरलेला पदर आणि पाहणाऱ्याकडे टाकलेला तिरपा कटाक्ष. ही चित्रे विकली जातात, दवाखान्यांत आणि हॉटेलांत लागतात, आणि अलीकडे रस्त्याकडेच्या रंगवलेल्या भिंतींवरही त्यांच्याच मोठ्या आवृत्त्या दिसू लागल्या आहेत. त्यांच्या खपाबद्दल मला असूया नाही. निदान फारशी नाही. त्यांत दागिने असतात, चेहरा असतो, वस्त्राचा पोत कधीकधी फार सुरेख उतरलेला असतो. नृत्य मात्र नसते, हा माझा आक्षेप आहे. ही उणीव चित्रकाराच्या हातात कमी आणि तो ज्या रीतीने विषयाजवळ जातो त्या रीतीत अधिक आहे. म्हणूनच हा प्रश्न एकेका चित्रकाराचा राहत नाही; कलाशिक्षण देणारे, नृत्य शिकवणारे आणि सभागृहे चालवणारे असे सगळेच त्यात येतात.

आजचा चित्रकार नृत्य रंगवतो ते बहुधा छायाचित्रावरून, आणि नृत्याचे छायाचित्र बहुधा समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, काढलेले असते. कथकमध्ये तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला एकच बोल, घेऊन नर्तकी समेवर येते तेव्हा ती क्षणभर ठाम उभी राहते. हात आपल्या जागी, नजर आपल्या दिशेला, आणि सभागृहात टाळी पडते. छायाचित्रकाराला हाच क्षण सोयीचा असतो, कारण रंगमंचावरच्या मोजक्या प्रकाशात हलते अंग पुसट येते आणि पुसट छायाचित्र कोणी छापत नाही. भरतनाट्यममध्ये जतीच्या, म्हणजे बोलांवर बांधलेल्या पदन्यासाच्या तुकड्याच्या, अखेरीस हेच होते, आणि लावणीत ढोलकीच्या तोड्यावर मुरका घेऊन थांबण्याची जागाही हीच. म्हणजे नृत्याच्या छायाचित्रांचा जो प्रचंड साठा आज चित्रकाराच्या मोबाइलमध्ये हाताशी असतो, तो जवळजवळ सगळा नृत्य थांबल्याच्या क्षणांचा आहे. त्यावरून केलेले चित्र कितीही कौशल्याचे असले तरी ते थांबण्याचेच चित्र होणार.

दोन समांच्या मध्ये काय घडते ते पाहायला तालमीच्या खोलीत बसावे लागते. तिथे सगळ्यात आधी कळते ते वजन. एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून तत्कार, म्हणजे कथकचा पदन्यास, करणाऱ्या मुलीचे धड जवळजवळ स्थिर दिसते, आणि तरीही तिच्या शरीराचा भार एका टाचेवरून दुसऱ्या पंजावर अखंड सरकत असतो. तो सरकताना कंबरेशी, खांद्याशी, अगदी मानेच्या मुळाशीही अतिशय बारीक भरपाई चाललेली असते. चक्कर घेताना धड वळू लागले तरी नजर समोर खिळलेली राहते, आणि मग मान झटक्यात फिरून धडाच्या आधी समोर येते. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून, पाठ ताठ ठेवून, एकेक अडवू, म्हणजे मूळ हालचाल, पुन्हा पुन्हा करणाऱ्या मुलीच्या मांड्या थरथरतात. रंगमंचावर ही थरथर साडीच्या पंख्यासारख्या निऱ्यांआड झाकली जाते, आणि चित्रकार त्या निऱ्याच रंगवतो. झाकलेले दाखवलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण त्या निऱ्यांखाली काय चालले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या निऱ्या कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याला नेसवल्यासारख्या दिसतात.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असेही नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की चित्रविद्या आल्याशिवाय मूर्ती यायची नाही, नृत्त, म्हणजे अभिनयाविना शुद्ध नृत्य, कळल्याशिवाय चित्र यायचे नाही, नृत्तासाठी वाद्य हवे आणि वाद्यासाठी गीत. हा उतारा आपल्या कलासंस्थांच्या उद्घाटनपर भाषणांत हमखास येतो. अभ्यासक्रमात मात्र तो कोठे उतरलेला दिसत नाही. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे सांगितली आहेत आणि हात व पाय यांची एकत्र हालचाल म्हणजे करण, अशी त्यांची व्याख्या केली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिल्पींनी त्यांतली ८१ कोरून पुढचे काम अपुरे सोडले; चिदंबरमच्या गोपुरांत ती कोरलेली आहेत. दगडात हालचाल कोरता येत नसल्यामुळे प्रत्येक शिल्पीला त्या क्रियेतला एक टप्पा निवडावा लागला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या टप्प्यांनाच ठरीव मुद्रा मानले. करण ही स्थिती नसून क्रिया आहे, हे भरतनाट्यम नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी संशोधनाने आणि स्वतः नाचून मांडले. साताऱ्याच्या उत्तर चिदंबरम नटराज मंदिरातली करणशिल्पे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडली. पुण्याहून सातारा काही फार लांब नाही. कला महाविद्यालयांच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात तशा तिथेही न्यायला हरकत नसावी.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकाच्या चित्राजवळ थोडे थांबायला हवे, कारण नृत्य कसे रंगवावे याचा इतका भरघोस धडा महाराष्ट्रात दुसरा नाही. राजापुढे एक नर्तकी नाचते आहे आणि बासरी, मृदंग, टाळ घेतलेल्या स्त्रियांनी तिला वेढले आहे. नर्तकीचे अंग एका बाजूला झुकते, कंबर दुसरीकडे जाते, वस्त्राचे टोक तिच्या मागे राहते. पण नुसत्या तिच्या आकृतीने चित्र हलत नाही. भोवतीच्या वादक स्त्रियांच्या माना वेगवेगळ्या कोनांत कललेल्या आहेत, त्यांचे हात वेगवेगळ्या उंचीवर आहेत, आणि डोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर जात जात पुन्हा नर्तकीपाशी येतो. डोळ्याच्या या फिरण्यालाच चित्रातला ताल म्हणायचे. आता आजच्या प्रदर्शनातले चित्र आठवा: त्यात तबलजी कोठे आहे? तोंडाने बोल म्हणत पढंत करणारी गुरू कोठे आहे? लावणीच्या चित्रात ढोलकीवाला कितीदा दिसतो? फडावर ढोलकी आणि घुंगरू यांचा जो सवालजवाब चालतो त्यातला अर्धा भाग पुसून, उरलेल्या बाईला काळ्या किंवा सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी उभी करायची, आणि मग तिच्यात जीव का येत नाही म्हणून कानातल्याला आणखी एक चमक द्यायची, असा हा व्यवहार आहे.

वारली चित्रकारांनी ही चूक कधी केली नाही. त्यांच्या तारपा नृत्याच्या चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि चार काड्या. चेहरा नाही, दागिना नाही. मध्ये तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून उलगडत जाणारी माणसांची साखळी. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत ती साखळी आत-बाहेर होते, सैल पडते, आवळते. एकेका आकृतीत फारसे काही नसताना संपूर्ण कागद नाचतो, कारण नाच हा माणसामाणसांमधल्या अंतरात आहे हे त्या परंपरेला पक्के ठाऊक आहे. फ्रेंच चित्रकार मातिसने १९०९-१० मध्ये रंगवलेल्या ‘नृत्य’ या चित्रात पाच नर्तकांच्या वर्तुळात दोन हात एकमेकांपासून सुटलेले आहेत आणि सगळे चित्र त्या सुटलेल्या जागेकडे ओढले जाते. डहाणूच्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर हीच समज कोणत्याही गाजावाजाविना नांदत होती.

इथे कोणी म्हणेल की कॅमेरा आता सेकंदाचा हजारावा भाग पकडतो, चलच्चित्र तर संपूर्ण हालचालच देते, मग चित्रकाराने तालमीत जाऊन कोळशाने रेघोट्या ओढण्यात काय मिळवायचे? हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तरही जुनेच आहे. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये दौडत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे काढली आणि चित्रकारांनी शतकानुशतके घोड्याचे पाय चुकीचे रंगवले होते हे सिद्ध केले. पण त्या छायाचित्रांतला एकेक घोडा सुटा पाहिला तर तो धावत नाही, हवेत टांगलेला वाटतो. फ्रेंच शिल्पकार रोदँने याचे मर्म नेमके सांगितले आहे. त्याच्या चालत्या सेंट जॉनच्या पुतळ्याचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले आहेत. चालणाऱ्या माणसाच्या छायाचित्रात असे सहसा सापडायचे नाही, आणि तरीही पुतळा चालतो, कारण त्याच्या एका पायात आधीचा क्षण आहे आणि दुसऱ्यात नंतरचा. काळ प्रत्यक्षात थांबत नाही, तेव्हा तो थांबल्याचे दाखवणारे छायाचित्रच खोटे बोलते, असा त्याचा दावा होता. नृत्याच्या चित्रकाराला करायचे आहे ते हेच: पाय एका मात्रेवरचे, धड पुढच्या मात्रेकडे निघालेले, आणि नजर त्याहून पुढे पोहोचलेली. चलच्चित्र थांबवून हे मिळत नाही, कारण थांबवलेल्या प्रत्येक चौकटीत सगळे अवयव एकाच क्षणाचे असतात.

१९०६ मध्ये कंबोडियाच्या राजाबरोबर तिथल्या दरबारी नर्तकी फ्रान्सला आल्या. रोदँ तेव्हा पासष्टीचा होता. पॅरिसमध्ये त्यांना पाहिल्यावर तो त्यांच्यामागोमाग मार्सेयला गेला आणि तिथे त्याने दीडशेच्या आसपास रेखाटने केली. कागदाकडे न पाहता, नजर नर्तकीवरून न काढता रेघ सोडायची, हा त्याचा परिपाठ होता. त्या रेखाटनांत हात नको तिथे लांबतात, पावले अर्धी सुटतात, रंग रेषेबाहेर जातो. आपल्याकडच्या स्पर्धेच्या परीक्षकांपुढे ती ठेवली तर शरीररचनेचे गुण कापले जातील, याची मला खात्री आहे.

फ्रेंच चित्रकार देगाबद्दल मात्र जरा सावधपणे बोलायला हवे, कारण त्याचे नाव घेऊन पुष्कळ सोपी विधाने केली जातात. त्याच्या कामाचा फार मोठा भाग, दीड हजारांच्या घरातली चित्रे, रेखाटने आणि शिल्पे, पॅरिस ऑपेराच्या नर्तकींवर आहेत. जांभई देणाऱ्या, पाठ खाजवणाऱ्या, बुटाची फीत बांधणाऱ्या मुली त्याने चित्रात आणल्या. ‘ऑपेराचा वाद्यवृंद’ या चित्रात तर त्याने वादकांना पुढे बसवले आणि वरच्या बाजूला नर्तकींची डोकीच कापून टाकली; नाचाचे वजन वाद्यात आहे हे याहून धीटपणे कोणी सांगितले नसेल. पण त्याच्या तालमीच्या चित्रांपैकी अनेक त्याने स्टुडिओत, मॉडेल म्हणून आलेल्या मुलींवरून आणि स्मरणातून उभी केली होती. आणि ज्या मुलीवरून त्याने १८८१ मध्ये मांडलेले ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ हे मेणाचे शिल्प केले, ती मारी फान गोएतेम गरीब घरातली होती. समीक्षकांनी त्या शिल्पाच्या चेहऱ्याला जनावराच्या पातळीवर नेले आणि पुढच्याच वर्षी तिला ऑपेरातून काढून टाकण्यात आले. शिल्प अजरामर झाले, मुलगी नोंदींतून नाहीशी झाली. त्या ऑपेराच्या पडद्यामागे श्रीमंत वर्गणीदार पुरुषांचा मुक्त वावर असे आणि त्यांची काळी उंच टोपी देगाच्या चित्रांतही मधूनच डोकावते. तालमीच्या खोलीत चित्रकाराला जागा मागताना ही टोपी विसरून चालणार नाही.

ही गोष्ट आपल्याकडे लावणीच्या संदर्भात सर्वांत अधिक लागू पडते. शास्त्रीय नृत्य करणारी मुलगी आपल्या चित्रांत भक्तिभावाने येते आणि लावणी करणारी स्त्री खुणावत येते. दोघींचेही श्रम त्यात दिसत नाहीत, पण पहिलीचा निदान मान राखला जातो. या विभागणीला चित्रकारांचा स्वतःचा इतिहास जबाबदार आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून मळवलीला, म्हणजे आपल्या लोणावळ्याजवळ आला आणि तिथून देव-देवता व सुंदर स्त्रिया घरोघर गेल्या. पुढे रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या मुखपृष्ठांनी व दिनदर्शिकांनी मराठी नजरेला गुळगुळीत, प्रकाशमान कांतीची सवय लावली. या दोघांच्या कसबाला मी उणे लेखत नाही. दलालांची रेषा तर अभ्यासावी अशीच आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी कांती उचलली आणि रेषा सोडली. लावणीवाली त्या कांतीत जी अडकली ती अजून सुटलेली नाही.

वास्तविक चित्रकाराला शिकण्यासारखे लावणीत जितके आहे तितके क्वचितच कोठे असेल. बैठकीची लावणी घ्या. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतिणी बसल्या जागी एका ओळीचे अनेक अर्थ मनगटाने, भुवईने, खांद्याच्या किंचित हालण्याने उलगडत असत. उभे राहून गिरक्या घेण्याची सोय नसल्यामुळे सगळी हालचाल कमरेच्या वर, अतिशय थोड्या जागेत येते. व्यक्तिचित्र करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठे आव्हान कोणते? पुणे जिल्ह्यात नारायणगाव आहे, जिथे पाडव्याच्या सुमारास यात्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात; सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रे आहेत; आणि शहरात बालगंधर्वला लावणीचे खेळ लागत आले आहेत, त्याच इमारतीच्या शेजारच्या दालनात लावणीची चित्रे टांगली जातात. दोन दारांमधले हे अंतर चित्रकार का ओलांडत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

नृत्यगुरूंचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मान्य आहे. रियाज ही खाजगी गोष्ट आहे. तिथे चुका होतात, ओरडा बसतो, मुली घामाघूम असतात, आणि परक्याची नजर आली की शरीर आपोआप रंगमंचावरच्यासारखे वागू लागते. मोबाइलमुळे ही भीती दुप्पट झाली आहे. म्हणून तालमीची दारे चित्रकारांना सरसकट उघडावीत असे मी म्हणणार नाही. मात्र अटी ठरवून ती उघडता येतील आणि त्या अटी चित्रकारांनी आपण होऊन मांडल्या पाहिजेत. मोबाइल बाहेर ठेवायचा. कागद, कोळसा, पेन्सिल याशिवाय काही आत न्यायचे नाही. ज्या नर्तकीला नको असेल तिला कारण न विचारता वगळायचे. आणि रेखाटने निघण्यापूर्वी दाखवायची. चित्रशाळेत मॉडेलला रोजगार दिला जातो, मग नाचणाऱ्या मुलीला ‘तुझे चित्र काढतो’ एवढ्यावर का भागवायचे? तिला मानधन मिळाले पाहिजे, आणि फडावरच्या कलावंताला तर आधी मिळाले पाहिजे. छायाचित्रावरून काम करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने छायाचित्राचा हक्क साधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतो, आणि १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या हक्कांनाही त्यात जागा मिळाली आहे. महाजालावरून उचललेली नर्तकी कोणाचीच नसते, असा समज सोयीचा असला तरी खरा नाही.

या शहरात हे जमण्यासारखे आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून पुण्यात कथकच्या पिढ्या घडल्या आहेत; सुचेता भिडे-चापेकरांनी भरतनाट्यमला मराठी श्रोता मिळवून दिला; विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. चित्रकलेच्या बाजूला अभिनव कला महाविद्यालयाची परंपरा आहे. आमची मुले मंडईत आणि स्टेशनवर स्केचिंगला बसतात, भाजीवाल्यांची आणि झोपलेल्या प्रवाशांची उत्तम रेखाटने करतात; ती बसलेल्या माणसाकडून नाचणाऱ्या माणसाकडे कधी सरकतच नाहीत. ज्यांना परवानगीचे ओझे नको त्यांनी सुरुवात रस्त्यावरून करावी. पालख्या मुक्कामी असताना पखवाजावर पावली खेळणारे वारकरी किंवा उत्सवाआधी लेझमीचा सराव करणारी पथके यांच्यासमोर कितीही वेळ उभे राहता येते. चित्रकार के. के. हेब्बर यांनी तर लय अंगात मुरावी म्हणून कथकचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्यांच्या एकरेषी रेखाटनांत ते दिसते. प्रत्येकाने घुंगरू बांधावेत असा आग्रह माझे गुडघे मला धरू देत नाहीत, पण सोळा मात्रा हातावर धरता येणे ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

महाराष्ट्रातल्या शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना स्मरणचित्र हा विषय परिचयाचा आहे. समोर काही नसताना, पाहिलेले आठवून, ठराविक वेळात माणसांचा समूह उभा करायचा. वरच्या वर्गांत गेल्यावर आपण ही सवय मोडतो आणि संदर्भाला छायाचित्र घेणे हेच शिस्तीचे मानू लागतो. नृत्यासाठी नेमकी तीच मोडलेली सवय लागते: तासभर पाहायचे, बाहेर यायचे, आणि जे वजन डोळ्यांत राहिले तेवढेच कागदावर ठेवायचे. पदवीच्या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक तास यासाठी काढायला शासनाच्या नव्या निर्णयाची गरज पडू नये.

बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा वाद शहरात गेली काही वर्षे चालू आहे. १९६८ मध्ये उभी राहिलेली ती वास्तू राहावी की जावी, यावर माझे मत बाजूला ठेवतो. पण नवे काही बांधायचेच असेल तर आराखड्यात वाहनतळाइतकेच लक्ष एका तालीमघराकडे द्यावे, ज्यात भिंतीला लागून चित्रकारांसाठी बैठी बाके असतील, उत्तरेचा प्रकाश येईल, आणि जिथे कथकच्या शाळेला व लावणीच्या संचाला सारख्याच भाड्याने वेळ मिळेल. कलादालनात मग तयार कॅनव्हासांबरोबर त्या तालीमघरातली रेखाटनेही लावावीत, फसलेली सुद्धा, आणि त्यांच्याखाली चित्रकाराच्या नावाशेजारी नाचणारीचे आणि ढोलकी किंवा तबला धरणाऱ्याचे नाव, त्यांची संमती असेल तर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे.